प्रश्नांची संख्या नको, उत्तरे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संसदेचे अधिवेशन संपले की ठाण्यापासून बेलापूरपर्यंत एकच बातमी फिरते. अमुक खासदारांनी इतके प्रश्न विचारले, इतक्या चर्चांत भाग घेतला, उपस्थिती इतके टक्के. चौकातल्या फ्लेक्सवर हेच आकडे, मोबाइलवर हेच आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही हेच. आकडे खोटे नसतात. पण त्या प्रश्नांना सरकारने काय उत्तर दिले, हे बातमीत कुठेच नसते. आपल्या वर्तमानपत्राने यापुढे आकड्यांऐवजी प्रश्न आणि उत्तर छापावे, अशी या पत्रातून विनंती आहे. ते शोधायचे कुठे, वाचायचे कसे आणि त्यात काय तपासायचे, हेही सविस्तर लिहीत आहे.

आधी नकाशा. ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाण्याच्या खासदारांकडे आहे. कळवा-मुंब्रा मात्र कल्याण लोकसभेत जाते. खारघर, कामोठे, पनवेल हा पट्टा मावळमध्ये मोडतो. कळव्याहून ठाणेमार्गे खारघरला लोकलने जाणारा माणूस एका प्रवासात तीन खासदारांच्या हद्दीतून जातो. त्यामुळे आपल्या ठाणे आवृत्तीने एकाच खासदारांची नोंद ठेवून भागणार नाही. कल्याण, भिवंडी आणि मावळचीही ठेवावी लागेल.

आता प्रश्नाचे यंत्र कसे चालते ते पाहू. लोकसभेचा पहिला तास, सकाळी ११ ते १२, प्रश्नोत्तरांचा असतो. खासदाराने प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यायची. आलेल्या सूचनांची सोडत निघते. सोडतीत वर आलेले २० प्रश्न तारांकित यादीत जातात आणि त्यांना तोंडी उत्तर मिळण्याची शक्यता असते. अतारांकित यादीत २३० प्रश्न लागतात, त्यांना लेखी उत्तर मिळते. एका खासदाराचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न लागतो. दोन्ही याद्या मिळून जास्तीत जास्त पाच. तारांकित यादीतल्या वीसपैकी चार-पाच प्रश्नच तासाभरात पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरे लेखीच पटलावर ठेवली जातात. म्हणजे तारांकित प्रश्न किती लागले यात नशिबाचा वाटा मोठा आहे. त्यावरून कोणाला शाबासकी देऊ नये आणि कोणाला नावेही ठेवू नयेत.

संख्या फुगण्याचे दुसरे कारण असे की, एकाच विषयावर अनेक खासदारांनी सारखा प्रश्न दिला तर तो एकत्र करून सगळ्यांच्या नावांवर छापतात. उत्तर एकच, पण प्रत्येकाच्या खात्यावर एक प्रश्न जमा होतो. उत्तराच्या कागदावर वरच प्रश्न विचारणाऱ्यांची नावे असतात. तिथे सहा-सात नावे दिसली, तर त्या प्रश्नाला वेगळा हिशेब लावावा. उलट काही खरे काम आकड्यात दिसतच नाही. तारांकित प्रश्न पुकारला गेला की मूळ प्रश्नकर्त्याला दोन पूरक प्रश्न विचारता येतात, आणि अध्यक्षांनी परवानगी दिली तर इतर सदस्यही एखादा विचारू शकतात. दुसऱ्याच्या प्रश्नावर नेमका पूरक प्रश्न विचारून मंत्र्यांकडून तारीख वदवून घेणे हे सगळ्यात कठीण काम. ते कुठल्याही आकड्यात येत नाही, शब्दशः कामकाजातच वाचावे लागते.

मंत्री झालेल्या खासदारांबाबत तर हे आकडे सरळ दिशाभूल करतात. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, खासगी विधेयक मांडत नाहीत आणि हजेरीही नोंदवत नाहीत. विरोधी पक्षनेत्यांनाही हजेरी नोंदवण्यातून सूट आहे. त्यांच्या नावापुढे शून्य दिसले म्हणजे ते गैरहजर होते असे नव्हे. हा खुलासा बातमीत एका ओळीत तरी यायला हवा.

आता मुद्द्याचे. प्रश्न चांगला की वाईट हे ठरवताना पहिली चाळणी अशी: विषय केंद्राचा आहे का? जो विषय प्रामुख्याने भारत सरकारच्या अखत्यारीत नाही, तो प्रश्न नियमानुसार स्वीकारलाच जात नाही. स्वीकारला गेला तरी उत्तर येते की हा विषय राज्याचा आहे. ठाण्यात ही गल्लत फार होते, कारण एकाच रस्त्यावर चार यंत्रणा असतात. घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे आणि कोंडी हा राज्याच्या यंत्रणांचा आणि महापालिकेचा विषय. ऐरोली, वाशी आणि आनंदनगरच्या टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये सूट मिळाली, तो निर्णयही राज्य सरकारचाच होता. तो खासदारांच्या संसदेतल्या कामात धरण्याचे कारण नाही. माजिवडा ते वडपे हा नाशिककडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग, पण त्याचे रुंदीकरण राज्य रस्ते विकास महामंडळ करते. तिथे केंद्राला विचारायचे ते करारातली मुदत आणि देखरेखीबद्दल, खड्ड्याबद्दल नव्हे. ठाणे-बोरिवली बोगद्याचे काम राज्याच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे, पण तो राष्ट्रीय उद्यानाखालून जातो, म्हणून वन आणि वन्यजीवविषयक परवानग्यांपुरता प्रश्न दिल्लीत विचारता येतो.

निखळ केंद्राचे विषय आपल्याकडे कमी नाहीत. उपनगरी रेल्वे आहेच. ठाणे अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानके, सुमारे १२,२०० कोटी रुपये. केंद्राच्या वाट्याचे पैसे दर वर्षी किती सुटले, हा खासदाराचा हक्काचा प्रश्न आहे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. खाडीकाठच्या बांधकामांना लागू असलेली सागरी किनारा नियमन अधिसूचना केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची आहे. कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. त्यावर प्रवासी बोट नियमित का धावत नाही, हे संबंधित मंत्रालयाला विचारता येते. अशा प्रश्नांना उत्तर देणे टाळता येत नाही.

दुसरी चाळणी म्हणजे प्रश्नाची बांधणी. इथे एक उदाहरण जवळून पाहू. समजा प्रश्न असा दिला: "ठाणे जिल्ह्यातील रेल्वे प्रवाशांच्या अडचणी सोडवण्यासाठी सरकारने कोणती पावले उचलली आहेत आणि त्याचा तपशील काय?" याचे उत्तर आधीच तयार आहे. रेल्वे मंत्रालय लिहिते की रेल्वेची कामे राज्यनिहाय किंवा जिल्हानिहाय नव्हे, तर विभागीय रेल्वेनिहाय मंजूर होतात. पुढे ठरलेला परिच्छेद येतो: प्रकल्प पूर्ण होणे हे राज्य सरकारकडून जमीन मिळणे, वन विभागाची परवानगी, मार्गातल्या वाहिन्या हलवणे, वैधानिक मंजुऱ्या, भूगर्भीय परिस्थिती, कायदा-सुव्यवस्था आणि वर्षातले कामाचे महिने अशा अनेक बाबींवर अवलंबून असते. देशातल्या कुठल्याही कोपऱ्यातल्या रेल्वेकामाच्या उत्तरात हा परिच्छेद सापडेल. खासदारांच्या खात्यात एक प्रश्न जमा झाला, ठाण्याच्या प्रवाशाच्या हाती काही लागले नाही.

त्याऐवजी एकच काम धरावे. ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्ग हे काम मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातले (एमयूटीपी-३). कल्याणकडून येणाऱ्या प्रवाशाला ठाण्याला न उतरता थेट नवी मुंबईत जाता यावे यासाठी तो आखला. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या १०,९४७ कोटींच्या संचातला हा एक भाग. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, जोडमार्ग मात्र मार्गात येणाऱ्या घरांच्या पुनर्वसनापाशी अडला. यावरचा प्रश्न असा हवा:

(अ) ऐरोली-कळवा उन्नत मार्गासाठी मागील तीन आर्थिक वर्षांत वर्षनिहाय प्रत्यक्ष किती खर्च झाला. (आ) किती कुटुंबांचे पुनर्वसन बाकी आहे, त्याबाबत राज्य सरकारला शेवटचे पत्र कोणत्या तारखेला पाठवले आणि त्यावर काय उत्तर आले. (इ) ज्या भागात पुनर्वसनाची गरज नाही तिथे काम सुरू न करण्याचे कारण काय. (ई) काम पूर्ण करण्याची सुधारित तारीख ठरली आहे का, असल्यास कोणती?

एका प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे. हा प्रश्न त्यात आरामात बसतो. यातला प्रत्येक भाग कशासाठी आहे ते सांगतो. (अ) मध्ये तरतूद विचारलेली नाही, खर्च विचारला आहे. कामनिहाय तरतूद रेल्वेच्या पिंक बुकमध्ये, म्हणजे तिच्या अर्थसंकल्पी पुस्तिकेत, छापलेलीच असते, आणि सहज मिळणाऱ्या कागदपत्रांतली माहिती मागणारा प्रश्न नियमाने फेटाळता येतो. शिवाय तरतूद होऊन पैसा न वापरला जाणे हाच खरा रोग आहे. (आ) हा गाभा. मंत्रालय "राज्याकडून जागा मिळालेली नाही" असे म्हणणार हे गृहीत धरून पत्राची तारीख मागितली आहे. ती तारीख संसदेच्या कागदावर आली की हेच उत्तर घेऊन ठाण्याच्या, ऐरोलीच्या आमदारांना विधानसभेत राज्य सरकारला गाठता येते. एमयूटीपीची कामे करणाऱ्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात केंद्राचा ५१ आणि राज्याचा ४९ टक्के वाटा आहे, त्यामुळे चेंडू टोलवायला दोघांनाही वाव मिळतो. कागदावरची तारीख तो वाव कमी करते. (इ) मुळे सगळे काम एका अडचणीमागे लपत नाही. (ई) मध्ये "कधी पूर्ण होणार" असे न विचारता "तारीख ठरली आहे का" असे विचारले आहे. त्याला हो किंवा नाही असेच उत्तर द्यावे लागते.

पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा देता येत नाही, कारण उत्तर मिळालेल्या प्रश्नाची पुनरावृत्ती नियमात बसत नाही. म्हणून जुन्या प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख देऊन "त्यानंतर काय प्रगती झाली" असे विचारायचे. ज्या खासदारांच्या प्रश्नांत जुन्या क्रमांकांचे असे संदर्भ दिसतात, ते खरोखर पाठपुरावा करत आहेत असे खुशाल समजावे. माझ्या मते पाच वर्षांतली ही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. उत्तर अपुरे वाटले, तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची मागणी करता येते. हे आयुध फार कमी खासदार उचलतात. ज्यांनी उचलले त्यांची नोंद ठळक व्हायला हवी.

उत्तर वाचण्याचीही एक रीत आहे. काही वाक्ये आली की पेन्सिलीने खूण करावी. "माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल", "विषय विचाराधीन आहे", "तपासून पाहू" अशी वाक्ये टाळाटाळीची वाटतात, पण संसदेच्या नियमांत यांतली बरीचशी आश्वासन म्हणून नोंदली जातात. मंत्र्यांनी दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. ते झाले की नाही हे पाहायला लोकसभेची १५ सदस्यांची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे. मुदत वाढवून हवी असेल किंवा आश्वासन वगळायचे असेल, तर मंत्रालयाला समितीकडे कारण द्यावे लागते. ठाणे-नवी मुंबईच्या प्रश्नांवर दिलेली किती आश्वासने प्रलंबित आहेत, ही यादी वर्षातून एकदा आपल्या वर्तमानपत्राने छापली तर मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनाही जाग येईल. याच्या उलट "ही निरंतर प्रक्रिया आहे" या वाक्याला काडीचाही अर्थ नसतो. ते आले की प्रश्न सैल होता असे मानावे.

आता शून्य प्रहर. ठाण्यात सर्वांत जास्त चित्रफिती याच कामाच्या फिरतात, कारण खासदार उभे राहून मोठ्या आवाजात स्थानिक प्रश्न मांडताना दिसतात. दुपारी १२ नंतर तातडीचे विषय घेण्याची ही प्रथा आहे, नियमांच्या पुस्तकात शून्य प्रहर हा शब्दही नाही. त्या दिवशी सकाळी १० पर्यंत सूचना द्यायची, सोडतीत पहिली वीस नावे येतात, वेळ असेल तर अध्यक्ष आणखी काहींना बोलू देतात. मंत्र्यांनी तिथेच उत्तर देण्याचे बंधन नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून मरण पावले, अशा घटनेसाठी हे व्यासपीठ अगदी योग्य आहे. पण वर्षानुवर्षे रखडलेल्या पुलासाठी किंवा मार्गिकेसाठी शून्य प्रहर वापरून थांबणे पुरेसे नाही, त्याला लेखी प्रश्नाची जोड हवी. आणखी एक गोष्ट: दुसऱ्या खासदारांनी मांडलेल्या विषयाला नुसते नाव जोडता येते. कामकाजात "अमुक सदस्यांना या विषयाशी संलग्न होण्याची परवानगी" अशी ओळ येते. ते भाषण नव्हे.

नियम ३७७ हा याचा शांत भाऊ. त्याखालीही खासदाराला आपला विषय लेखी मजकुराने सभागृहापुढे मांडता येतो. मजकूर २५० शब्दांपर्यंत, एका दिवशी वीस सदस्य, एका सदस्याला आठवड्यातून एकदा. बहुतेक वेळा मजकूर वाचलाही जात नाही, पटलावर ठेवला जातो. म्हणून त्याची चित्रफीत बनत नाही आणि म्हणून त्याची बातमीही होत नाही. पण संबंधित मंत्रालयाने त्यावर खासदाराला लेखी उत्तर पाठवणे अपेक्षित असते. हे उत्तर पत्राने खासदारांकडे जाते, प्रश्नोत्तरांसारखे सभागृहाच्या छापील कामकाजात येत नाही. मतदाराला ते बघायचे असेल तर खासदारांनीच ते प्रसिद्ध करायला हवे. आपल्या वार्ताहरांनी अधिवेशनानंतर कोणत्याही खासदारांना भेटताना हा एक प्रश्न जरूर विचारावा: ३७७ खाली मांडलेल्या विषयांवर मंत्रालयाची किती पत्रे आली आणि त्यांच्या प्रती देता का?

चर्चेतल्या भाषणांबद्दल थोडे गणित. विधेयकावर किंवा अर्थसंकल्पावर किती तास चर्चा करायची हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तो वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो. लोकसभेत ५४३ सदस्य. दहा तासांच्या, म्हणजे ६०० मिनिटांच्या चर्चेत सात खासदारांच्या पक्षाला पावणेआठ मिनिटे येतात, नऊ खासदारांच्या पक्षाला सुमारे दहा. ती संपूर्ण पक्षाची. महाराष्ट्रातल्या बहुतेक पक्षांची हीच स्थिती आहे. मग त्या सहा-सात मिनिटांत काय बोलले गेले? शब्दशः कामकाज काढावे. आभार, नेत्यांची स्तुती, विरोधकांवरची टीका, शेर आणि कविता यांवर रेघ मारावी. उरलेल्या मजकुरात विधेयकाच्या एखाद्या कलमाचा उल्लेख आहे का, एखादा आकडा किंवा ठिकाण आहे का, "हे असे बदला" अशी सूचना आहे का, एवढेच मोजावे. एका भाषणात अशी तीन वाक्ये सापडली तरी ते भाषण कामाचे.

काही भाषणांना तारका असते आणि खाली "भाषण पटलावर ठेवले" अशी टीप असते. म्हणजे ते बोलले गेलेले नाही, लिखित दिले आहे. वेळ न मिळालेल्या सदस्यासाठी ही सोय चांगलीच आहे आणि लेखी भाषणात तपशील जास्त असतो. मात्र ते सभागृहात गाजले असे बातमीत लिहू नये. मराठीतही बोलता येते. आधी कळवले की दुभाष्याची व्यवस्था होते आणि छापील कामकाजात मूळ भाषण मराठीत होते अशी टीप येते. अडखळत्या हिंदीत चार मिनिटे घालवण्यापेक्षा आमच्या खासदारांनी मराठीत नेमके बोलावे, असे मला मनापासून वाटते. ज्या रेल्वे अधिकाऱ्याला टिपण काढायचे असते, तो भाषांतरावरूनही काढतो.

भाषणांना महत्त्व देण्याचे आणखी एक कारण आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराचे मत पक्षादेशाने बांधलेले असते. बरीचशी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे कोणी कसे मत दिले याची नावानिशी नोंदच राहत नाही. मतविभागणी मागितली तरच ती होते. म्हणून आपल्या खासदारांना एखाद्या कायद्याबद्दल स्वतःला काय वाटते, हे भाषणातच कळते. सत्ताधारी पक्षाचा खासदारही विधेयकाला पाठिंबा देऊन एखाद्या कलमातली त्रुटी दाखवू शकतो. त्याला कोणताही कायदा आडवा येत नाही.

अर्थसंकल्पी अधिवेशनात मात्र खरे काम सभागृहाबाहेर होते. मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्यांपैकी थोड्यांवरच चर्चा होते, उरलेल्या शेवटच्या दिवशी गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविना, एकत्र मंजूर होतात. त्यांची छाननी विभागवार स्थायी समित्यांत होते. अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल प्रसिद्ध होतात आणि अहवालाच्या शेवटी जोडलेल्या इतिवृत्तात त्या दिवशी कोण हजर होते त्यांची नावे असतात. आपले खासदार कोणत्या समितीवर आहेत आणि किती बैठकांना होते, हे तिथे पाहून सांगता येते. प्रश्नसंख्येच्या बातमीपेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची आहे आणि ती आजवर क्वचितच छापली गेली आहे. विरोधी बाकावरच्या खासदारांनी शंभर रुपयांची कपात सूचना (मागणीतून नाममात्र शंभर रुपये कमी करा, असे म्हणणारी) देऊन एखादी विशिष्ट तक्रार मागणीला जोडली होती का, हेही पाहावे.

खासगी विधेयकांवर फार शाई खर्चू नये. शुक्रवारी शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे असतात. आजवर दोन्ही सभागृहांत मंजूर झालेली खासगी विधेयके फक्त चौदा, त्यातले शेवटचे १९७० मधले. मांडलेले विधेयक चर्चेला येण्याआधीच लोकसभेची मुदत संपते आणि ते बाद होते. त्यामुळे किती मांडली याला अर्थ नाही. पण विषय खोल असेल तर बाद झालेले विधेयकही काम करून जाते. मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ खटल्यातल्या निकालानंतर कोकणातून निवडून गेलेले बॅ. नाथ पै यांनी १९६७ मध्ये घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण १९७१ ची चोविसावी घटनादुरुस्ती त्याच दिशेने झाली.

त्या चौदांपैकी एक वर्तमानपत्रांशी थेट संबंधित आहे. संसदेत बोललेले जसेच्या तसे छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला होऊ नये, हे संरक्षण फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून १९५६ मध्ये आले. आणीबाणीत ते काढून घेतले गेले, १९७७ मध्ये परत आले आणि पुढच्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत गेले. कामकाजाचे खरे आणि द्वेषरहित वृत्त देण्याचा हा हक्क आपल्याकडे आहे. तो टक्केवारी छापण्यापुरता वापरला जावा याचे वाईट वाटते.

ठाण्याला हे नवीन नाही. १९७७ आणि १९८० मध्ये इथून निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल दर वर्षी मतदारांपुढे ठेवत. तेव्हा कागदपत्रे दिल्लीतून मागवावी लागत. आज प्रत्येक प्रश्नोत्तर, प्रत्येक दिवसाचे शब्दशः कामकाज आणि समित्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर आणि तिच्या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य मिळतात. सदस्याचे नाव, मंत्रालय किंवा "ठाणे", "नवी मुंबई", "ऐरोली" असा शब्द टाकून शोधता येते. नावांचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहावे, नाहीतर अर्धे निकाल सुटतात. चार खासदारांच्या एका अधिवेशनाच्या कामाची टिपणे काढायला एका वार्ताहराला दोन दिवस पुरावेत.

म्हणून विनंती अशी. येत्या अधिवेशनापासून, ते संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ठाणे आवृत्तीत अर्धे पान यासाठी ठेवावे. ठाणे, कल्याण, भिवंडी आणि मावळ या चार खासदारांचे आपल्या भागाबद्दलचे प्रश्न, प्रत्येकाला दोन-तीन ओळींत सरकारचे उत्तर, त्यात तारीख किंवा रक्कम आली का, आणि मागच्या अधिवेशनातल्या उत्तराच्या तुलनेत काय पुढे सरकले. भाषणांपैकी सूचना असलेली वाक्ये तेवढी उद्धृत करावीत. स्थायी समितीची हजेरी द्यावी. कोणत्याही पक्षाला झुकते माप नको, म्हणून चारही खासदारांना सारखीच जागा असावी आणि खुलासा द्यायचा असल्यास तो पुढच्या रविवारी छापावा. प्रत्येक नोंदीखाली प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तराची तारीख मात्र न चुकता द्यावी, म्हणजे ज्या वाचकाला मूळ कागद पाहायचा आहे तो स्वतः काढून पाहू शकेल.

आपला,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)